मिठाचा नियम

अहो,

मी धुळ्याच्या बसने जातेय. दाल-बट्टी झाकून ठेवलीय. मीठ अंदाजाने घातलंय. सूर्यास्ताआधी जेवा.

बीपीमुळे मीठ सोडलं असं मी म्हणाले ते खोटं होतं, मिच्छामि दुक्कडं, क्षमा करा. प्रोस्टेटच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला तेव्हा मी धुळ्याच्या साध्वी महासतीजींकडून नियम घेतला, तुमचं दुखणं अंगातून जाईपर्यंत मीठ बंद. आता डॉक्टर म्हणतात, सुरुवातच आहे, ऑपरेशन करा, रेडिएशन घ्या, नाहीतर दर तीन महिन्यांनी रक्त तपासून नुसती नजर ठेवा. पण नजर ठेवायची म्हणजे दुखणं अंगातच राहणार, मग माझा नियम सुटायचा कधी? काल ‘काढूनच टाका’ म्हणून मी तुमच्या मागे लागले, ते तुमच्यासाठी की नियमासाठी, माझं मलाच कळेना. लघवीवरचा ताबा जाईल म्हणून तुम्ही घाबरलात, तेही मी नीट ऐकलं नाही.

नियम बदलता येतो का, महासतीजींना विचारते. नाही म्हणाल्या तर जन्मभर अळणी खाईन, ते मला जमतं. तुम्ही मात्र माझ्या बोलण्यावरून आज डॉक्टरांना हो म्हणू नका. संध्याकाळी मी परत आले की तुम्हाला काय हवंय ते सांगा, मी मध्ये बोलणार नाही.

कंचन