ताश्कंदचं कोरियन गाजर

देजॉन, शुक्रवार

आदरणीय मावशी,

हे-वनचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? काकांनी सिगारेट खरोखर सोडली, की नुसती दुकानामागे नेली? आणि समोरच्या सुक्या मासळीवाल्या बोंग काकू अजून तुझी गिऱ्हाइकं मोजतात का? मी ठीक आहे. जेवते. (हे तू विचारणारच, म्हणून आधीच उत्तर देते. वेळेवर जेवते, भात खाते, आणि नाही, बारीक झालेले नाही.)

पत्र लिहिण्याचं कारण असं, की फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला अडवतेस आणि मेसेज पाठवला तर पहिली ओळ वाचून अंगठा दाखवतेस. हे प्रकरण क्रमाने सांगितल्याशिवाय कळणारं नाही. म्हणून पत्र डब्याच्या झाकणाला चिकटवून पाठवते आहे. डबा पत्र संपल्यावरच उघड.

या सत्रात विद्यापीठातल्या आमच्या अभियांत्रिकी विभागाने मला एका परदेशी विद्यार्थिनीची सोबतीण नेमलं. मी नाव दिलं नव्हतं. मा सरांनी वर्गात 'कोण तयार आहे?' असं विचारलं तेव्हा सगळ्यांनी वेळेवर मान खाली घातली आणि मी फळ्यावरचं समीकरण उतरवत होते, एवढीच माझी चूक. मुलीचं नाव इन्ना ओगाय. ताश्कंदहून एका सत्रापुरती आली आहे. ओगाय म्हणजे आपलंच 'ओ' आडनाव, तिकडच्या कारकुनांनी मागे शेपूट जोडलेलं. तिचे पूर्वज आपल्याच उत्तरेकडचे. ते रशियाच्या पूर्व टोकाला जाऊन राहिले, आणि तिथून सरकारने सगळ्यांना आगगाडीत भरून उझबेकिस्तानात नेऊन सोडलं. तेव्हापासून कुटुंब तिकडचंच. पण चेहरा इथला राहिला, आणि सगळी अडचण त्या चेहऱ्याची आहे.

पहिल्याच आठवड्यातलं उदाहरण देते. खानावळीत आमच्या पुढे नेदरलँड्सचा एक लांबलचक मुलगा होता. त्याने काड्यांनी एक शेवई उचलली, अर्ध्या वाटेत पाडली, तरी वाढणाऱ्या काकूंनी टाळ्या वाजवल्या आणि त्याला जास्तीचं अंडं दिलं. मागोमाग इन्नाने भाताची वाटी हातात उचलून तोंडाजवळ नेली, तर त्याच काकू पळी घेऊन बाहेर आल्या. "ए पोरी, वाटी टेबलावर! घरी आईने काही शिकवलं की नाही?" इन्ना म्हणाली, "शिकवलं की. पण ताश्कंदमध्ये." काकू म्हणाल्या, "कुठल्याही गल्लीत शिकवलेलं असू दे, वाटी खालीच राहते." अंडं अर्थातच मिळालं नाही. (मी काकूंना समजावून सांगू शकले असते. पण मागे रांग होती आणि मला मधे पडायची सवय नाही. निदान तेव्हा नव्हती.)

आता गाजराकडे येते. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाने ऑक्टोबरात खाद्यमेळा भरवला. प्रत्येकाने आपल्या देशाचा पदार्थ करायचा. इन्नाने दोन पातेली भरून गाजर आणलं: दोऱ्यासारखं लांब किसलेलं, त्यात व्हिनेगर, लसूण, धने, लाल तिखट आणि वरून कडकडीत तेल. तिकडे याला 'कोरियन गाजर' म्हणतात. उझबेक खातात, रशियन खातात, लग्नात असतं, मयतातही असतं. तिच्या पणजीला त्या गावात किमचीसाठी कोबी मिळाला नाही, गाजर मिळालं, म्हणून तिने गाजर मुरवलं. पुढच्यांना वाटलं हेच मूळ. इन्नाची आजी रोझा जन्मभर बाजारात बसून तेच विकत आली आहे, 'अस्सल कोरियन, आमच्या देशात असंच करतात' असं ओरडून. वय एक्याऐंशी. हा देश तिने एकदाही पाहिलेला नाही.

तर इन्नाने पातेली कोरियाच्या टेबलावर ठेवली. कार्यालयाचे गिलसाहेब आले. "हे इथे कुणी ठेवलं?" "हे तुमचं आहे," इन्ना म्हणाली. "आमचं? अगं बाई, मी पन्नास वर्षं जेवतोय." त्यांनी स्वतः उचलून ती उझबेकिस्तानच्या टेबलावर नेली. तिथे पुलाव घेऊन बसलेला जसूर म्हणाला, "छे, छे, हे कोरियन," आणि आदराने परत आणून ठेवली. गिलसाहेबांनी पुन्हा नेली, जसूरने पुन्हा आणली. दोघेही अत्यंत नम्र होते, त्यामुळे हे बराच वेळ चाललं. शेवटी पातेली दोन टेबलांच्या मधल्या खुर्चीवर ठेवण्यात आली आणि नेदरलँड्सवाल्याने ती संपवली. इन्नाने मला विचारलं, "ताई, खरंच इथे कुणी खात नाही?" मी सांगितलं, "माझ्या माहितीत हा पदार्थ या देशात अस्तित्वात नाही." हे उत्तर अचूक होतं. ती पातेल्यांवर झाकणं ठेवत म्हणाली, "मग आजीला काय सांगू?"

संध्याकाळी आजीचा व्हिडिओ कॉल आला. आजी बोलते ती आपलीच भाषा, पण उत्तरेकडची, आणि कुणीतरी फार पूर्वी कपाटात घडी घालून ठेवल्यासारखी. इन्नाने फोन माझ्याकडे फिरवला. आजीने इकडतिकडचं काही विचारलं नाही. सरळ विचारलं, "पोरी, तुमच्याकडे सणाला गाजर कोण कापतं? आई की तू?"

मावशी, मी अंदाजे बोलत नाही हे तुला माहीत आहे. लहानपणी पाहुण्यांनी स्वतः आणलेल्या पदार्थाबद्दल 'कसा झालाय?' विचारलं की तू मला स्वयंपाकघरात पिटाळायचीस ते उगाच नव्हे. पण त्या बाईंनी मला भेटायचं म्हणून गळ्यात मोत्यांची माळ घातली होती आणि केस विंचरताना पाणी लावलेलं दिसत होतं. मी म्हणाले, "मावशी कापते." इथे थांबायला हवं होतं. परंतु चुकीचं विधान एकटं उभं राहत नाही, त्याला टेकू लागतात. म्हणून मी सांगितलं की मावशीचं गोंगजूच्या बाजारात दुकान आहे, लोणची, किमची, परतलेल्या भाज्या सगळं असतं, आणि गाजर दुपारपर्यंत संपतं. आजीने विचारलं, "व्हिनेगर किती घालते?" मी एक आकडा सांगितला. "फार झालं. दक्षिणेकडच्या बायकांचा हात तसाच," आजी म्हणाली. (कृपया रागावू नकोस. हे मत तू कधीही न केलेल्या पदार्थाबद्दल आहे.) मग म्हणाली, "बरं झालं. मी नातीला भेटायला येतेच आहे. दुकान बघीन."

त्यानंतर मी ते केलं जे मला येतं. इन्नाची तिकडून आणलेली किसणी मेळ्यात हरवली होती आणि इथल्या किसणीने गाजराचा चुरा होतो. आजीच्या मते दोरा गाजराइतका लांब हवा, नाहीतर ते गाजर नव्हे, गुरांचं खाणं. मी विभागाच्या कार्यशाळेत पोलादी पट्टीतून पातं कापलं. पहिल्या पात्याने लगदा केला, दुसऱ्याने माझा हातमोजा कापला, तिसऱ्याने दोरे दिले. व्हर्नियरने मोजले, जाडीत फरक जवळजवळ नाही. मी मोजत होते आणि इन्ना तयार दोऱ्यांना मसाला लावून डबा भरत होती, तेव्हा मा सर आले. "हे कोणत्या विषयाचं?" "वैयक्तिक, सर." त्यांनी चिमूटभर खाल्लं, 'साखर कमी आहे' म्हणाले आणि उरलेला डबा काखेत मारून निघाले. दारातून वळून विचारलं, "हे कुठलं गं?" इन्नाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "गोंगजूचं." आता सर विभागात सांगत फिरतात की गोंगजूला हे फार जुनं आहे, त्यांच्या लहानपणी त्यांनी खाल्लं होतं. त्यांना ती आठवण कुठून आली, मला सांगता येणार नाही.

असो. इथे थंडी पडू लागली आहे, तिथेही असेल. गुडघ्याला पट्टा बांधत जा, दुकानात उभी राहू नकोस, स्टूल घे. काकांना नमस्कार. बोंग काकूंना काहीच सांगू नकोस.

तुझी भाची,
हे-वन

ता. क. आता डबा उघड. तो नमुना आहे. सोबतच्या पिशवीत किसणी आणि कृती आहे. रोझा आजी पुढच्या शनिवारी गोंगजूला येते आहे. त्या दिवशी पहिल्या ओळीत, मुळ्याच्या किमचीशेजारी, याचं एक मोठं ताट ठेवायचं आणि तुझ्या अक्षरात पाटी लावायची. गिऱ्हाइकांपैकी कुणी 'हे नवीन काय?' विचारलं, तर जन्मभर इथेच आहे अशा आवाजात उत्तर द्यायचं. तो आवाज तुझ्याकडे आहे. बोंग काकूंना त्या दिवशी बाजाराबाहेर काही काम काढून देता आलं तर पाहा. रोझा आजीने साठ वर्षं ओरडून सांगितलेलं खोटं ठरू नये, एवढंच.

आणखी एक. पाकीट चिकटवताना इन्ना आली आणि तिने खांद्यावरून सगळं वाचलं. म्हणाली, "पण आजीला माहीत आहे." ती म्हातारी कित्येक वर्षं तिकडे आपल्या मालिका बघते. म्हणते, त्यात माणसं रडतात, भांडतात, अपघातात सगळं विसरतात आणि सतत जेवतात. गाजर एकानेही खाल्लं नाही. मी विचारलं, "मग मला का विचारलं?" "तू काय म्हणतेस ते बघायला. फोन ठेवल्यावर म्हणाली, पोरीला खोटं बोलता येत नाही, पण बोलायला वेळ नाही लावला. हिच्या मावशीला भेटायलाच हवं." "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?" "किसणी पूर्ण व्हायची होती ना, ताई."

शेवटचं. म्हणजे फसवण्यासाठी ताटाची गरज उरलेली नाही. तरी ठेव. ती इतक्या लांबून येते आहे, तर एकदा तरी ते इथल्या दुकानात, इथल्या बाईच्या हातचं, पुढच्या ओळीत असावं. (हे कारण तांत्रिक नाही. दुसरं सापडलं नाही.) फक्त करताना त्यात कुठेतरी एक चूक मुद्दाम ठेव. तिला दुरुस्त करायला काहीतरी राहिलं पाहिजे. आणि तिने दुरुस्त केलं की सगळ्या बाजारासमोर 'हो, तुमचंच बरोबर' म्हण. चूक करणं तुझ्या हाताला जमत नाही आणि ती कबूल करणं तुझ्या जिभेला. म्हणून आठवडाभर आधी कळवते आहे. सराव कर.