कुंपणाकडेची पट्टी

ता. ९ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा बाबा जास्त. तपकिरी गायीला कालवड झाली. ती दिसेल ते चाटते, परवा माझी टोपीही सोडली नाही.

तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण कुंपणाकडेच्या पट्टीत तू तेव्हा पेरलेलं गवत उभं आहे.

थट्टा नाही करत. पेरणीचं यंत्र वळत नव्हतं म्हणून तू जिथे हातानं बी फेकून बुटांनी दाबलं होतंस, तीच पट्टी. पहिली दोन वर्षं तिथे नुसतं तण दिसायचं. त्यात दोऱ्यासारखी पाती होती, ती आम्हाला कुणाला दिसलीच नाहीत. आता गुडघाभर झुबके आहेत आणि उरलेला माळ तसाच उघडाबोडका. एका झुबक्याशेजारी मी खणत गेलो. खांद्यापर्यंत हात आत गेला तरी मुळं संपेनात! इतक्या कोरड्या जमिनीत ती कुणाच्या भरवशावर खाली गेली असतील? कितीतरी वेळ मी तिथेच पालथा पडून होतो. अंगावर काटा आला, ताई.

तू सांगायचीस तीच परीक्षा बाबांनी करून पाहिली. झुबका दोन्ही हातांनी धरून ओढला. पाती तुटून हातात आली, मूळ हललं नाही. उपटून येईनासं झालं की मगच जनावरं चरायला सोडायची, असं तू म्हणायचीस ना? बाबांनी हातातली पाती मला दाखवली. म्हणाले, "अरे, मग पोरीचं चुकलं कुठे?"

चुकलं तुझं नव्हतंच, ताई. माझं होतं.

पेरणीच्या सकाळी तू यंत्रातून बी किती खोल पडावं ते अर्ध्या नखावर लावून चहाला गेलीस. मुंग्या बी नेतील म्हणून मी खटका दोन बोटांवर ओढला. तुला मदत म्हणून! एवढंसं बी, तेवढ्या मातीखालून वर येणार कसं? माळ उगवला नाही. बाबांनी खापर तुझ्यावर फोडलं, तू बॅग उचललीस, आणि मी मूग गिळून गप्प राहिलो.

आज जेवताना बाबांना सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले, खिशातून माळाच्या फाटकाची किल्ली काढली आणि तुझ्या खुंटीला अडकवली.

माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो. जनावरं कधी सोडायची ते तू ठरव. आणि उरलेला माळ पुन्हा पेरायचा आहे.

यंत्रापासून दहा पावलं लांब उभा राहणारा,
तुझाच भाऊ