शंभर दाण्यांचा अहवाल

२ जुलै
नववीचे अहवाल तपासले. सगळ्यांची भाषा एकच! 'सर्व बिया उगवल्या. प्रयोग यशस्वी.' गाइडातून उतरवलंय — चुकांसकट. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा, रोज बघा, दिसेल ते लिहा. एवढंच तर सांगितलं होतं. मान दुखते आहे. कशासाठी शिकवते, कोण जाणे.

३ जुलै
समीक्षाची वही राहिली होती. तिचे शंभरातले अडतीसच उगवले. रडवेली झाली. "मॅडम, माझा प्रयोग फसला. सगळे उगवले असं लिहू का?"
म्हटलं, दिसलं तेच लिही. पुन्हा करून बघ. दाणे कुठले?
"बाबानं पेरणीसाठी बॅगा आणल्या, त्यातले."
मी खुर्चीत सरळ बसले.

६ जुलै
सलग तीन तास, वर रजेवरच्या बाईंचा ऑफ पिरियडही माझ्याच गळ्यात. लिहायचं त्राण नाही.

९ जुलै
दुसऱ्यांदा पस्तीस. समीक्षानं घरी अहवाल वाचून दाखवला — उद्देश, साहित्य, कृती... तिचे वडील, विठ्ठलराव, मधूनच उठले. "पोरीच्या वहीवर पेरणी थांबवू का?" परवा पेरणार म्हणे.
तिला म्हटलं, वही ठेव बाजूला. गोणपाटच उलगड त्यांच्यासमोर. त्यांनाच मोजू दे. आणि घरी बोलतेस तसं बोल.

१० जुलै
सांगितलं पोरीनं! "बाबा, तीन दाणे टाकले तं एकच निघून राह्यला. वावर खाली राहीन." विठ्ठलराव गोणपाटापाशी बसले, दाणे दोनदा मोजले. सकाळी बॅगा गाडीत टाकून दुकानात परत घेऊन गेले. बॅगेवरचा लॉट नंबर समीक्षानं अहवालात टिपलाय — मी न सांगता. थकवा आहेच, पण आज चहा गोड लागला.

११ जुलै
बाभुळगावहून दादाचा फोन. सगळ्या वावरात पेरणी आटोपली, खूश होता. बियाणं कोणतं, विचारलं. तीच कंपनी. बॅगेवरचा नंबर वाचायला लावला. लॉटही तोच, समीक्षाच्या अहवालातला.
"काहून विचारून राह्यली?"
"सहजच," म्हटलं.