बावखलावरचा घाम

पापडी, वसई
९ नोव्हेंबर २००६

प्रिय हिलरी,

तुला आणि रिटाला आशीर्वाद. वाडीतल्या केळीला यंदा घड बरे आलेत. रोझलिनने तुझ्यासाठी सुकेळी बाजूला ठेवलीत, पण तुला चालतील का ते आधी डॉक्टरांना विचार.

परवा रिटाचा फोन आला होता. तू हॉस्पिटलच्या हार्ट पेशंटांच्या व्यायामवर्गातून येत्या शनिवारी नाव काढणार आहेस म्हणे. "दादा घरच्या घरी ठणठणीत झाले, मग मी कशाला चार लोकांत हातपाय हलवू?" असं तू म्हणालास. मी नुसता हसलो. शेजारी रोझलिन बसली होती, तिच्यासमोर फोनवर काय बोलणार? म्हणून हे पत्र, तेही स्पीड पोस्टाने.

हिलरी, मी घरी काहीही केलेलं नाही.

मेमध्ये मला हार्टचा झटका आला, त्यानंतर इथल्या हॉस्पिटलातल्या वर्गाला मी एकच दिवस गेलो. चालायच्या मशीनच्या पट्ट्यावर चार मिनिटं चाललो आणि धाप लागली. शेजारच्या पट्ट्यावर धर्मा होता. तोच धर्मा, कवायतीला उशिरा आला म्हणून मी ज्याला भर उन्हात मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आता कामणला गोदामात सुपरवायझर आहे. त्यालाही माझ्यासारखाच झटका येऊन गेलेला. तो म्हणाला, "हळू हळू, सर. मलापण पहिल्या दिवशी असंच झालेलं." इतक्या मायेने म्हणाला की मला तिथे उभं राहवेना. तीस वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून फिरलेला मी पी.टी.चा मास्तर!

तिथे वर्ग घेणाऱ्या विनिता मॅडमना सांगितलं, मी घरीच करीन. त्या म्हणाल्या, "घरी केलं तरी चालेल सर, पण केलं पाहिजे." कागदावर सगळं लिहून दिलं, दर आठवड्याला फोन करायला सांगितलं. फोन मी नेमाने केले. नाडीचे आकडे मनाने सांगितले.

सकाळी बूट घालून निघायचो. शेजारच्या एरॉलच्या वाडीतल्या बावखलाच्या काठावर, तळ्यातल्या पाण्याकडे बघत अर्धा तास बसायचो. मग ओंजळभर पाणी घेऊन शर्टाची पाठ आणि कॉलर भिजवायची आणि घरी यायचं. रोझलिन टॉवेल घेऊन दारात उभी असायची. चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर बायकांना सांगायची, आमचे मिस्टर रोज घामाने निथळून येतात.

तुला वाटेल, मास्तरकीचा तोरा. मीही इतके दिवस स्वतःला तेच सांगत होतो. पण खरं ते नाही. पहिल्या सकाळी मी खरंच चालायला निघालो होतो. केळीच्या पट्ट्यापर्यंत गेलो आणि छातीत काहीतरी हललं. दुखलं नाही, नुसतं हललं. त्यानंतर माझं पाऊलच उचलेना. रस्त्यात एकटा पडून मरेन, ही भीती. ती कुणाला सांगायची सोय नव्हती. आयुष्यभर पोरांना भित्रट म्हणत आलो ना.

घरी करून बरी होणारी माणसं असतील. मी त्यांतला नाही, आणि तू माझ्याकडे बघून ठरवतो आहेस. माझ्या खोटेपणाने तुझं काही बरंवाईट झालं तर रिटाला मी तोंड कसं दाखवू? नाव काढू नकोस.

हे पत्र गुपचूप टाकणार होतो. पण आपल्या प्रत्येक पत्राखाली रोझलिनच्या चार ओळी असतात. तेवढी जागा सोडतो, कागद तिच्या हातात देतो आणि ओट्यावर जाऊन बसतो.

तुझा भित्रट दादा,
ॲन्सेल्म

हिलरी,

वाचलं. यांचे शर्ट मीच धुते. पहिल्याच आठवड्यात कॉलरला शेवाळ दिसलं होतं. बोलले नाही. बोलले आणि त्या धक्क्याने काही झालं तर, असं वाटलं. उलट गावभर कौतुक सांगत सुटले, म्हटलं लाजेकाजेने तरी चालायला लागतील. पाच महिने मीही त्यांच्या जिवाशी खेळले.

सोमवारी त्यांना वर्गाला घेऊन जाते. तूही जा.

ते अजून बाहेर बसलेत. मला सगळं ठाऊक होतं हे त्यांना कसं सांगू, कळत नाही.

तुझी वहिनी,
रोझलिन