भट्टीची विलायती पिशवी

नगर, मंगळवार, ७ मार्च १९७२

ओतशाळेच्या भट्टीतली धूळ गाळणारी कापडी पिशवी जर्मनीहून येते. ती मागवू नका, देशी कापड लावा, असं युनियनच्या गेट मीटिंगमध्ये मीच गर्जलो होतो. टाळ्या पडल्या, मालकानंही ऐकलं. पिशवीच्या जागी लावलेल्या मांजरपाटाच्या सुती कापडाला महिन्याभरात भोकं पडली, धूळ कामगारांच्या अंगावर यायला लागली.

आज भट्टीवरचा भिवा भेटला. खोकला थांबेना, म्हणून माझा खादीचा रुमाल दिला. काळा झाला. त्यानं घडी घालून परत केला.

"भाषन लई झ्याक हुतं, अण्णा."

चिडला असता तर बरं झालं असतं. जगाच्या बाजारावर एवढं वाचलं, भट्टीपाशी एकदाही का गेलो नाही?

रुमाल समोर आहे. काहीच वाटत नाही. उद्याच्या भाषणाचं एकच वाक्य लिहिलंय: माझं चुकलं, विलायती पिशवी मागवा.

टाळ्या पडणार नाहीत.