लेथला हात न लावता

२ जुलै
आजपासून रोजनिशी. ही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा विनय बाजूला ठेवून लिहितो.

आज मीटिंगमध्ये प्राचार्यांनी एक पत्रक वाचलं. विज्ञान आणि इंजिनीअरिंगच्या शिक्षणात जे मागे राहतात, विशेषतः मुली, त्यांचा सहभाग वाढवणाऱ्या विभागाला भरघोस अनुदान. त्यातून कॉम्प्युटरवर चालणारा नवा लेथ येईल. आमचा सध्याचा लेथ लोखंड कापतो कमी आणि कण्हतो जास्त. सगळे प्राध्यापक छताकडे बघत बसले. मी हात वर केला. मेकॅनिकलचा प्रमुख मी, वर्कशॉप माझं, आणि दुसऱ्या वर्षाला चक्क सहा मुली. पात्रता पात्रता म्हणतात ती आणखी काय असते?

३ जुलै
पात्रतेचे निकष वाचले. म्हणजे पहिलं पान वाचलं. पुढची पानं बारीक टायपात आहेत. उद्या.

६ जुलै
दुसरं पान. ‘मुलींचा प्रत्यक्ष कामात सहभाग असावा.’ आमच्याकडे तर भरपूर आहे. माझी पद्धत साधी आहे. पोरं मशीनवर लोखंड कापून जॉब करतात, मुली जर्नल लिहितात. स्वतःचं नाही, अख्ख्या बॅचचं. आकृत्या, मापं, निष्कर्ष, सगळं. मुलींचं अक्षर चांगलं असतं. शिवाय मशीनमध्ये केस अडकतात, कीस उडतो, हाताला घट्टे पडतात. काही कमीजास्त झालं तर आईबापांना तोंड कोण दाखवणार? अर्जात लिहिलं, ‘मुलींचा सहभाग शंभर टक्के, लेखी.’ मग ‘लेखी’ खोडलं.

त्या सहांपैकी एक माझी भाची. ताईची मुलगी, शिकायला आमच्याकडे राहते. घरी मामा, कॉलेजात सर, हा नियम मीच घालून दिलाय. जेवताना म्हणाली, एकदा तरी लेथवर जॉब करू द्या. तिला समजावलं की हाताला घट्टे पडतील, शिवाय जर्नल हाच वर्कशॉपचा प्राण आहे. ती ताट उचलून उठली. समजूतदार आहे पोरगी. बायकोने मात्र मला भाजी वाढायचं टाळलं. विसरली असेल.

१५ जुलै
ढोल्या भेटला. आम्ही एका बाकावर शिकलो. आता तो पुलापलीकडच्या कॉलेजात माझ्यासारखाच विभागप्रमुख आहे. चहा पाजला त्याने. मी त्याला माझा अर्ज समजावून सांगितला. मुलींना आपण कसं जपतो, मशीनपासून लांब ठेवून जर्नलच्या वाटेने इंजिनीअर कसं करतो, सगळं. असं मन लावून ऐकणारा माणूस मी पाहिला नाही. मध्येच म्हणाला, थांब, हे परत सांग. परत सांगितलं. मित्र असावा तर असा.

२८ जुलै
पहिली चाळणी पार. समिती पुढच्या आठवड्यात वर्कशॉप बघायला येणार. संकल्प: तोवर सहाही मुलींना लेथ सुरू करायला शिकवायचं. मी स्वतः. उद्यापासून.

१ ऑगस्ट
शिकवायला जमलं नाही. लेथला हिरवा रंग दिला. रंग ओला आहे, मुलींच्या हाताला लागेल.

४ ऑगस्ट
रंग वाळला. पण आता त्यावर ओरखडे पडले तर समिती काय म्हणेल? त्यापेक्षा रंगीत तालीम घेतली. नवे ॲप्रन, डोळ्यांवर गॉगल. पोरींना बजावलं, कोणीही मशीनला हात लावायचा नाही, नुसता लावल्यासारखा धरायचा. सगळ्या हुशार. पहिल्याच खेपेला जमलं. भाची म्हणाली, सर, हे आम्हाला आधीपासून येतं.

६ ऑगस्ट, दुपार
लिहवत नाही. तरी लिहितो.

समितीच्या बाई साठीच्या, पायात जाड सोलचे बूट. आल्या आल्या मला नमस्कार केला आणि मग माझ्याकडे पाठ करून मुलींशी बोलत राहिल्या. मी मागून मुद्दे पुरवत होतो. बाईंनी भाचीला सांगितलं की लेथ सुरू कर आणि एक पातळ कट घेऊन दाखव.

भाचीचा हात तसाच हवेत. बाकी पाच जणींनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. इतकी शिस्त मी लावली आहे, पण ती यावेळी नको होती.

“लावू का हात, मामा?” भाची म्हणाली.

सगळ्यांसमोर मामा. आणि माझ्या तोंडून, सवयीने, काळजीपोटी, निघून गेलं, “नको, लागेल.”

बाईंनी विचारलं, अशी परवानगी रोज मागावी लागते का? भाचीने खरं ते सांगितलं. मागतो आम्ही, सर अजून कधी हो म्हणाले नाहीत, पण सर आम्हाला खूप जपतात. हे शेवटचं तर तिने कौतुकाने सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि चहा न घेता गेल्या.

७ ऑगस्ट
दगा झाला. ज्या पोरीला घरात ठेवलं, तिने केसाने गळा कापला. तिला फक्त हात लावल्यासारखा धरायचा होता. घरी तिच्याशी अबोला धरलाय. तिच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.

२५ ऑगस्ट
अनुदान ढोल्याला.

त्याच्या अर्जातला उतारा प्राचार्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. ‘परिसरात अशाही विद्यार्थिनी आहेत, ज्यांना जपण्याच्या नावाखाली मशीनपासून लांब ठेवून अख्ख्या बॅचची जर्नलं लिहायला बसवतात.’ माझी वाक्यं. माझ्या चहाच्या कपासमोर बसून उचललेली. चहाचे पैसे त्याने दिले तेव्हाच ओळखायला हवं होतं. एका बाकावर शिकलो आम्ही. कोणाला सांगणार? सांगायला नेहमी ढोल्याकडेच जायचो.

३० सप्टेंबर
तिकडे नवा लेथ लागला. दर वर्कशॉपच्या दिवशी आसपासच्या कॉलेजांतल्या मुलींना तिथे काम करायला मिळणार. पात्रता एकच: आपल्या कॉलेजात मशीन चालवायची संधी मिळाली नाही, असा विभागप्रमुखाचा दाखला. आमच्या सहाही जणी दाराबाहेर रांगेत उभ्या राहिल्या. पुढे भाची.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. ती म्हणाली, “मामा, पूर्ण जिल्ह्यात आमच्याइतकं पात्र कोणीच नाही. ते तुमच्यामुळेच.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. मी सहा सह्या केल्या. अक्षर बरं आलं.

१२ ऑक्टोबर
परवा बाहेरचे परीक्षक जर्नलं तपासायला येणार. वर्कशॉपच्या दिवशी मुली पुलापलीकडे, आणि पोरांना विचारलं तर म्हणतात, आम्हाला लिहायची सवय नाही सर. विभागाची अब्रू माझ्या हाती. गठ्ठा घरी आणला. संकल्प: आज निम्मी संपवायची.

सहा वाजता भाची आली, नखांत काळं ग्रीस. तिने लेथवर घडवलेली पितळी बोल्टासारखी वस्तू टेबलावर ठेवली, माझ्या कागदांवर वजन म्हणून, आणि हात धुवायला गेली. चांगली झाली आहे. माप घेऊन पाहिलं, तिला न सांगता.

माझी तिसरी आकृती. बोट सुजलंय, पेन धरवत नाही. बायकोने शेजारी येऊन आकृती बघितली. मग म्हणाली, “राहू द्या. हाताला घट्टे पडतील.”