चव घेणाऱ्याची सही

महाड
२८ सप्टेंबर २०२५

आम्रपालीताईंना ललिताचा सप्रेम जयभीम.

तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून पत्र. मास्तरणीचं अक्षर आहे, चष्म्याशिवायही वाचता येईल. कापड्याला भात पिवळं पडायला लागलं असेल. इथे सगळं ठीक. तुमच्या भावाची, अरविंदची, पाठ अधूनमधून धरते. माझी शुगर आहे तिथेच आहे आणि वजन एकशे सोळा.

वजन उतरवायच्या ऑपरेशनची पुन्हा तारीख मिळाली आहे, एकतीस ऑक्टोबर, पनवेललाच. आधीच्या पथ्याचे पंधरा दिवस या वेळी दिवाळीच्या सुट्टीत घेणार आहे. शाळा चालू असताना जमत नाही.

तर ताई, आता स्पष्ट विचारते. जुलैत तुम्ही पथ्यासाठी म्हणून इथे येऊन राहिलात. सूप, ताक, सगळं तुमच्या हातचं. तरी दुर्बीण आत घातल्यावर डॉक्टरांना काय दिसलं? सुजलेलं लिव्हर, पोटावर झाकण ठेवल्यासारखं. काही न करता चार टाके घालून त्यांनी मला परत पाठवलं. म्हणाले, "पथ्य पाळलेलं लिव्हर असं नसतं." मग कुणीतरी काहीतरी केलं असणारच ना?

बावीस वर्षं मी कॉपी करणारी पोरं पकडली आहेत. मला बारीकसारीक दिसतं. सूप ढवळताना तुम्ही माझ्याकडे पाठ करायचात. दुधीचं सूप इतकं घट्ट कसं व्हायचं? तुम्ही आलात तेव्हा तुपाची बरणी भरलेली होती, गेलात तेव्हा अर्धी. तुपाला काय पाय फुटले? "पोरगी सुकत चाललीय," असं तुम्ही शेजारी म्हणालात, तेही माझ्या कानावर आलंय. मायेपोटी घातलं असेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही.

हल्ली मला सगळ्यांचाच संशय येतो. अरविंद गॅलरीत जाऊन फोनवर कुणाशी बोलतो? शाळेत खिचडी शिजवणाऱ्या महरुन्निसा भाभी माझ्याकडे बघून गालात का हसतात? रात्रंदिवस डोक्यात हेच चालू असतं.

उत्तर जरूर पाठवा. खरं काय ते लिहा.

तुमची,
ललिता


महाड
२३ नोव्हेंबर २०२५

ताई, जयभीम.

ऑपरेशन झालं. या वेळी लिव्हरने वाट अडवली नाही. पोट कापून केळ्याएवढं ठेवलंय. सुरुवातीला औषधाच्या बाटलीच्या झाकणाने पाणी प्यायचे, एक झाकण संपवायला पाच मिनिटं लागायची. आता गाळलेलं वरण किंवा कुस्करलेला दुधी, चार चमचे. पाचवा घेतला की छातीत दगड अडकतो. वजन अकरा किलो उतरलंय. ब्लाउज सैल झालेत, तर शेजारणी आताच टेलरचा पत्ता सांगायला लागल्या.

अरविंदने रजा घेतली आहे. कुणाचाही डबा तो घरात येऊ देत नाही. प्रत्येक वाटी आधी स्वतः चाखतो, थोडा वेळ थांबतो, मग माझ्या हातात देतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आणलेली पेज त्याने दारातूनच परत पाठवली. तो असा नव्हता. हे त्याला मी शिकवलं.

मागच्या रविवारी पोलादपूरच्या एसटीने तुमचं कुळथाचं कढण आलं. त्याने झाकण उघडलं, वास घेतला, म्हणाला, "हिचं अजून समाधान झालं नाय!" आणि सगळं मोरीत ओतलं. मी खाटेवर बसून बघत होते. 

नंतर डब्याच्या पिशवीत तुमची चिठ्ठी सापडली. "ललिता, कढण दोनदा गाळलाय. कुळीथ, मीठ नि जिरा. दुसरा काय नाय. सूपात पण दुधी, मीठ नि जिराच होता. मी काय घातला ते लिवला. आता तू काय खाल्लास ते तू लिव गो."

आठवडाभर ती चिठ्ठी उशीखाली आहे. आता लिहिते.

मुलांना खिचडी वाढायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकाने ती चाखायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहून सही करायची, असा शाळेचा नियम आहे. ते काम मी मागून घेतलं होतं. पथ्याच्या पहिल्या दिवशी एकच चमचा घेतला. मनाशी म्हटलं, ही ड्यूटी आहे, हे काही खाणं नव्हे. तिसऱ्या दिवशी वाटीभर. मग कोठीचं दार लोटून ताटभर, पातेल्याच्या तळाची खरवड सुद्धा. आणि तूप, ताई, मीच न्यायचे. पर्समध्ये, गोळ्यांच्या रिकाम्या डबीतून. महरुन्निसा भाभींनी एकदा विचारलं, "म्याडम, तुमचा ऑपरेशन हाय ना?" मी म्हटलं, "चव बघतेय." त्या हसतात ते यामुळे. नोंदवहीत बारा दिवस माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलंय, चव उत्तम.

मला भीती वाटत होती. यापुढे पोटभर जेवण कधीच नाही, म्हणून आधीच साठवून घेत होते. संध्याकाळी घरी येऊन तुमचं पाण्यासारखं सूप मुकाट्याने प्यायचे आणि तुम्ही कौतुकाने बघत बसायचात. हो, पाण्यासारखंच होतं. घट्ट कधीच नव्हतं.

जुलैत पनवेलला शुद्धीवर आले तेव्हा अरविंद समोर होता. "काय खाल्लंस तू?" मला एवढंच सुचलं, "ताईंना विचार." तुम्ही माझी चप्पल हातात घेऊन दाराशी उभ्या होतात. लोकांच्या शेतात लावणी करून तुम्ही ज्या भावाला शिकवलंत, तो तुम्हाला म्हणाला, "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नको." मी डोळे मिटून घेतले. वर सप्टेंबरात तुम्हालाच जाब विचारला. चोराच्या उलट्या बोंबा. तुमच्याकडून एकदा "हो, घातलं" असं आलं असतं तर मी सुटले असते. ते पत्र मी त्यासाठीच लिहिलं होतं. मला लाज वाटते, ताई.

अरविंदला अजून सांगितलेलं नाही. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा पाणी मागितलं. म्हणून हे पाकीट चिकटवलेलं नाही. तुमचा डबा परत द्यायला म्हणून ते घेऊन तोच येतोय. मी त्याला म्हटलं, वाटेत वाच. त्याने वाचलं नसेल तर तुमच्या ओटीवर बसवून त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. त्यानंतर तो माझ्याकडे कधी येईल, येईल का, मला माहीत नाही. माझे चार चमचे मी कुस्करून घेईन.

पण त्याला उपाशी पाठवू नका. माफ करा असं लिहायला हात धजत नाही. जे लिहायची सवय आहे तेवढं लिहिते.

दिनांक : १ ते १४ जुलै
पदार्थ : खिचडी, वरून घरचं तूप
चव घेणारी : मी. दुसरं कुणी नाही.
सही : ललिता